फोन कोणाला करायचा

इथे परदेशात, पेंडल हिलजवळच्या आमच्या गोदामात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांसाठी नवे चार्जर बसवायला तो आला होता. पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा गोरा माणूस. आल्याआल्या त्याने मोठं शटर उघडलं. बोचरं वारं आत शिरलं तशी पोरं ओरडली, "बंद कर ना, मेट!"

"चार्ज होताना बॅटरी गॅस सोडते. तो बाहेर जायला हवा. तुम्ही जॅकेट घाला."

स्विच बंद केला की तो कान देऊन थांबायचा. चार्जरची घरघर थांबली की मगच प्लगला हात लावायचा.

मी नववीतून शाळा सोडलेला, नोकरी जाईल या धास्तीने सगळं घाईत करणारा. चार्जर चालू असतानाच प्लग ओढायला गेलो, तर त्याने माझं मनगट धरलं.

"तुला काही झालं तर फोन कोणाला करायचा?"

"आईला. इंडियात."

"मग आधी स्विच. त्या गॅसला एक ठिणगी पुरते." मनगट सोडत तो हळूच म्हणाला, "तसा फोन मी एका आईला केलाय."

मी स्विच बंद केला, घरघर थांबू दिली आणि मगच प्लग काढला. संध्याकाळी तो निघून गेला.

आता आई फोनवर "जेवलास का रे?" विचारते, तेव्हा त्याने फोन केलेली ती दुसरी आई डोळ्यांसमोर येते. तिने हे विचारावं असं तिचं कोणी उरलेलं नाही.