हंड्यातली मूठभर ज्वारी

लेकीबाळींनो, मी सांगते आन् नात लिहिते. चूक दिसली तर तिले बोला.

घर पाडून नवीन बांधायचं, म्हणून आज वाशिमात सामान ठेवायले भाड्याची खोली पाहिली. तिथल्या गोदामाचा मॅनेजर मोठी दाखवत होता, मी लहान निवडली. भांड्यांना काय पाय पसरून झोपायचं आहे?

सामान लावताना मी पितळी हंड्यात मूठभर ज्वारी टाकली. घर सोडताना भांडं रिकामं ठेवत नाही आमी. ती परत येण्याची खूण.

"आजी, धान्य चालत नाही. उंदीर येतात," मॅनेजर म्हणाला.

"मंग ह्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यानं उंदराचे फोटो काढता काय?"

तो हसला, पण ऐकेना.

बहात्तरच्या दुष्काळात आमी आमचं गाव किन्हीराजा सोडून कामाला गेलो, तेव्हा हाच हंडा ज्वारी टाकून शेजारच्या गंगाबाईकडे ठेवला होता. परत आलो तर गंगाबाई वाळून काटकी झालेली. हंडा उचलला, आत ज्वारी खुळखुळली.

"उपाशी राह्यली, पण खाल्ली काहून नाही वो?"

"थे खायाची नव्हती बाई. तुमच्या वापस येण्याची होती."

म्हणून आज बाकी सामान खोलीत ठेवलं, हंडा ज्वारीसकट परत आणला. गंगाबाईचं नवल अजून सरत नाही मले. तुमच्या ओळखीत आहे काय असं कोनी?