मिलिंददादाचे टोणगे

किस्से म्हणजे गोठ्यातलं शेण. रोज उचला, सकाळी ढीग पुन्हा तयार! आधी आम्ही दोघं भाऊ उचलायचो. मिलिंददादाला जाऊन दोन महिने झाले. आता मी एकटाच आहे आणि ढीग तेवढाच.

आमचा धंदा सांगतो. म्हशीला नर रेडकू झालं की बरेच गवळी त्याला पोटभर दूध पाजत नाहीत. ते मरतं. दादा अशी रेडकं मुदखेडच्या आसपासहून उचलून आणायचा, तीन वर्षं रानात चारायचा. मग दर दोन महिन्यांनी एक टोणगा नांदेडला जायचा, गफूरचाचांच्या मोठ्याच्या, म्हणजे म्हशी-रेड्याच्या, मटणाच्या दुकानासाठी. कोणता जायचा, ते दादाच ठरवायचा. आता ते काम माझ्यावर आलंय. मला ते येत नाही.

*

एकदा नांदेडहून एक डॉक्टरबाई कारने थेट गोठ्यावर आल्या. चाचांच्या दुकानातलं मटण खरंच कसं वाढतं ते त्यांना बघायचं होतं.

"हे ऑरगॅनिक आहे ना?"

"म्हंजे काय मॅडम?"

"म्हणजे रासायनिक खत नाही, तयार खुराक नाही, वाढीची इंजेक्शनं नाहीत."

दादा हसला. "मग आम्ही पिढ्यान् पिढ्या ऑरगॅनिकच हाव! परवडलंच न्हाई कधी!"

*

एका टोणग्याचा पाय चिघळला. जनावरांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. दादाने लगेच त्याच्या शिंगाला लाल चिंधी बांधली. औषध दिलेलं जनावर चाळीस दिवस विकायचं नाही, हा त्याचा नियम.

मला धीर कुठला! बाविसाव्या दिवशी चिंधी सोडली आणि टोणगा टेम्पोत चढवला. दादाला कळलं तसा तो मोटरसायकलवर मागे धावला, अर्ध्या रस्त्यातून टेम्पो परत आणला. मला वाटलं, आता मार. त्याने मार दिला नाही. तीच चिंधी माझ्या मनगटाला बांधली.

"चाळीस दिवस ह्यालाबी कुठं पाठवायचं न्हाई!"

चाळीस दिवस गावात जो भेटेल तो विचारायचा, "काय राहुल, कसलं औषध दिलं रं तुला?"

*

टोणगा निवडताना दादा पाठीवर हात ठेवून डोळे मिटायचा. थोड्या वेळाने म्हणायचा, "हा."

"तुला कसं कळतं?"

"हाताला कळतंय."

मीपण हात ठेवला, डोळे मिटले. टोणग्याने अशी शेपटी हाणली की चेहराभर शेण!

"बघ," दादा म्हणाला, "त्यालाबी कळलं."

*

मागच्या महिन्यात उमरीकडचा एक गवळी रेडकू घेऊन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"मिलिंद हाय का?"

"न्हाई."

"कवा येईल?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "सांजच्याला."

"मग हे बांधून जातो. त्याला सांग, दोन दिवसांचं हाय, बाटलीनं पाज म्हणावं."

मी दूध पाजलं. आणि खरं सांगतो, सांजेपर्यंत रस्त्याकडेच बघत बसलो.

*

मग टोणगा पाठवायची वेळ आली. मी फोन उचलेना, म्हणून गफूरचाचा स्वतःच आले. म्हातारा माणूस, आमच्या गोठ्यावर पहिल्यांदाच. वाढलेले टोणगे चार होते. चाचांनी पहिल्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हा कसाय, बेटा?"

"हा नको चाचा. ह्याला दादानं बाटलीनं पाजलंय."

"मग हा?"

"त्यालाबी."

तिसऱ्याकडे ते वळले तेव्हा मी मध्ये जाऊन उभा राहिलो. त्यांनी चौथ्याकडे नुसतं बघितलं आणि गव्हाणीवर बसले.

"चहा ठेव. बिनदुधाचा चालेल."

चहा पिऊन ते तसेच परत गेले. मला रात्रभर वाटत राहिलं, म्हाताऱ्याचं गिऱ्हाईक मी तोडलं. आमच्या टोणग्याचं मटण विकायचा ठरलेला शुक्रवार आला, तेव्हा माफी मागायला नांदेडला गेलो. दुकानाचं शटर खाली होतं. त्यावर चाचांच्या अक्षरात पुठ्ठा लावलेला: 'आज दुकान बंद आहे. जनावर पसंत पडलं नाही.'

समोर हेल्मेट घातलेला एक माणूस पिशवी घेऊन उभा होता. त्याने पुठ्ठा दोनदा वाचला आणि माझ्याकडे वळला.

"वा! ह्याला म्हणतात क्वालिटी! पुढच्या टायमाला दोन किलो जास्तच घेणार!"