आमच्या व्याह्यांची बुटकी गाडी

ये गं पोरी, खुर्ची ओढ आणि अशी माझ्याजवळ बस. तू मिरजेला नि मी साताऱ्याला, हे ठाऊक आहे मला. पण मनातल्या मनात तरी जवळ बस, कारण आधी तुझा कान धरायचाय. परवा घरच्या ग्रुपवर कुठल्याशा लग्नातला जुना फोटो टाकलास. बुटक्या मोटरसायकलवर पाय पुढे पसरून बसलेले एक आजोबा, हेल्मेटच्या खालून बाहेर आलेल्या मिशा, आणि खाली तू लिहिलंस, ‘हे कुठले संस्थानिक?’ सगळे हसले. अगं, ते माझे व्याही. माझ्या लेकीचे सासरे, सांगलीजवळच्या माधवनगरचे. आत्याच्या व्याह्यांना असं हसतात का? हसायचं तर खुशाल हस, मीही हसते, पण माणूस ओळखून हस. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत रस्त्याशी इतक्या अदबीनं वागणारा दुसरा माणूस जन्मला नाही, आणि जन्मला असला तर तो अजून माझ्या दारावरून गेलेला नाही.

व्याही लष्करात ट्रक चालवायचे. बर्फातले, डोंगरातले, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच चाकांचे ट्रक. उंचीनं ते बेताचेच, त्यामुळे पंचवीस वर्षं ट्रकवर बसणं म्हणजे आधी त्याच्यावर चढणं. बायको गेली, घर सुनं झालं, तेव्हा वर्षभरानं त्यांनी ही गाडी घेतली. लांबलचक, जड, आणि सीट इतकी खाली की माझ्या स्वयंपाकघरातला पाट तिच्यापुढे उंच वाटावा. मी विचारलं, एवढी बुटकी का घेतलीत? तर म्हणाले, “जल्मभर चढलो, विहीणबाई. आता खाली बसून जायाचं हाय.” आणि खरोखर ते बसूनच जात. बाकीचे लोक गाडी चालवताना पुढे वाकतात, हे मागे रेलत. पाय पुढे, हात रुंद, पाठ ताठ. जणू ओसरीत बसलेत आणि ओसरीच पुढे निघाली आहे.

लष्करातली एक सवय त्यांनी सोडली नाही. ताफा तासभर चालला की दहा मिनिटं थांबायचा, म्हणून हेही थांबायचे. माधवनगरहून साताऱ्याला येताना तासाला जिथे असतील तिथे गाडी बाजूला, हेल्मेट काढून आरशावर, चाकांवर हात फिरवून गरम किती झाली ते बघणं, आणि दोन घोट पाणी. यात आश्चर्य काही नाही म्हणशील. पण एका पाडव्याला ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि नेमका तास भरला. तिथून आमचं दार दिसतं गं! मी पुरणपोळी तव्यावर टाकलेली, आमचे हे गॅलरीतून हात हलवून दमले, आणि व्याही कडुनिंबाखाली घड्याळाकडे बघत उभे. दहा मिनिटं झाल्यावर गाडी सुरू करून साठ पावलं आले. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, “टाइम म्हंजी टाइम.” पोळी वातड झाली ती झाली, वर ‘लय मऊ हाय’ म्हणून तीन खाल्ल्या.

गाडीचं पोट जमिनीला लागून, त्यामुळे गतिरोधक हा त्यांचा खास विषय. दोन शहरांमधला एकेक गतिरोधक त्यांना नावानिशी ठाऊक. आष्ट्याकडचा एक उंच आणि आडदांड, त्याचं नाव ‘पैलवान’. शाळेपुढचा पसरट तो ‘हेडमास्तर’. एकाला ‘मेव्हणा’ म्हणत, कारण तो कळवल्याशिवाय मध्येच येतो. आमच्या गल्लीत नवा गतिरोधक घातला, असं मी लेकीला सहज फोनवर सांगितलं, तर व्याही पुढच्या रविवारी तो बघायला आले. बाळंतिणीच्या घरी यावं तसे, भडंगाचा पुडा घेऊन. त्याच्यापाशी उकिडवे बसले, वीत लावून उंची मोजली, आणि आत येऊन समाधानानं म्हणाले, “गरीब हाय.”

हायवेवर मात्र ती गाडी म्हणजे हत्तीण. वारा येवो, ट्रक जावो, हलायची नाही. वेग ठरलेला, डाव्या कडेची पट्टी ठरलेली. ऊस तोडणीच्या दिवसांत दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर निघतात, मागे दिवा नसतो, असली तर एखादी लाल चिंधी. सगळे शिव्या देत पुढे काढतात. हे काढत नसत. एकदा संध्याकाळी पेठ नाक्यापासून कऱ्हाडपर्यंत ते अशा ट्रॉलीच्या मागे मागे, इंडिकेटर लुकलुकत ठेवून आले. मी रागावले, उशीर केलात म्हणून. तर म्हणाले, त्याला दिवा न्हवता, मग म्या झालो. आणि जेवायला बसले. आपण काही केलं असं त्यांच्या गावीही नव्हतं.

पण शहरात शिरली की तीच हत्तीण अडकायची. लांब गाडी, अरुंद पेठा. वळता वळायची नाही. कंदी पेढ्याचं दुकान दोन हात पुढे गेलं तर मागे फिरण्याऐवजी व्याही साऱ्या साताऱ्याला वळसा घालून परत त्या दुकानापुढे येत. दुकानदार म्हणायचा, आजोबा, मगाशी हात केला असता तर मी आणून दिले असते. आणि जे झालं तेही शहरातच. सांगलीत सिग्नलला, गाडी उभी असताना, कुणाचा धक्का नाही की काही नाही, ती डावीकडे कलली आणि त्यांना घेऊन सावकाश आडवी झाली. खांद्याचं हाड चिरलं. दीड महिना हात गळ्यात. हात सुटला त्याच दिवशी पुन्हा गाडीवर.

मग लेकीचा फोन. आई, तुझे जावई सांगून थकले, मी सांगून थकले, डॉक्टरांनी सांगितलं. गाडी सोडत नाहीत. तू ये आणि सांग, विहिणीचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. तिच्या आवाजात रडू होतं. मी एसटीत बसले आणि सांगली येईपर्यंत वाक्यं जुळवत राहिले.

स्टँडवर उतरते तर समोर व्याही. गाडी लखलखीत पुसलेली, मिशाही. लेक नोकरीवर, जावई नोकरीवर, तेव्हा विहिणीला आणायला हेच. आता बघ कशी पंचाईत. व्याह्याच्या मागे मोटरसायकलवर विहीण बसली, हे आमच्या चार पिढ्यांत झालं नाही. आणि विहिणीला स्टँडवरून एकटं रिक्षात घालणं, हे त्यांच्या चार पिढ्यांत झालं नाही. त्यांनी यावर आधीच विचार करून ठेवला होता. मला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला बजावलं की माझ्या मागनं यायचं, मला वलांडायचं न्हाई, आणि स्वतः दिवा लावून पुढे निघाले. मंत्र्याच्या मोटारीपुढे असतो ना शिपाई, तसे. रिक्षावाला म्हणाला, “मावशी, ह्या चालीनं गेलो तर तुमचं दुपारचं जेवाण रातीला हुईल.” एका चौकात तर वाहतूक पोलिसानं ती ताठ पाठ आणि तो दिवा बघून आडवा रस्ता थांबवून धरला, आणि आत कोण आहे म्हणून वाकून पाहिलं. मी काय करणार? पदर सावरला आणि मान हलवली.

हसत होते मी. आणि पुढच्या सिग्नलला हसू थांबलं. गाडी उभी राहिली, त्यांनी दोन्ही पाय टेकवले. पाठ तशीच ताठ, नजर समोर. पण डावा पाय थरथरत होता. पँटचं कापड गुडघ्यापासून खाली लटलटत होतं, दिवा हिरवा होईपर्यंत. रिक्षावाल्यानंही पाहिलं. त्यानं अंतर कमी केलं, ती पडली तर आपण जवळ असावं म्हणून.

जेवणं झाली. एसटीत जुळवलेली वाक्यं मनात घोळवत मी सुपारी कातरत राहिले. शेवटी तेच म्हणाले, “तुमी कशाला आलायसा ते मला ठावं हाय. बोला.”

मी म्हटलं, “पाव्हणं, सिग्नलला तुमचा पाय थरथरतो. मी मागनं बघितला.”

पोराला, सुनेला, डॉक्टरला त्यांनी उत्तरं दिली होती. इथे नुसता गुडघ्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, “दिसतो व्हय? मला वाटलं, माझं मलाच कळतंय.”

पुढे मी काही मागितलंच नाही. त्यांनीच मागितलं. गाडी विकायची नाही. पण दारात राहिली तर हात जाणार. तेव्हा म्हणाले, “तुमची लेक माझ्या घरात हाय. माझी तुमच्या घरात ऱ्हाऊ द्या. साटंलोटं झालं म्हणायचं.” मी हो म्हटलं.

आठ दिवसांनी ते तिला घेऊन आले. स्वतः चालवत, मागे जावई मोटारीत. मी दारात ताट घेऊन उभी होते. दिव्याच्या काचेवर कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं. व्याह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि मुलीचा बाप जातो तसे मागे न बघता मोटारीकडे निघाले. फाटकापर्यंत गेले, आणि परत आले. म्हणाले, आठवड्यातनं एकदा चालू करा, न्हाईतर ब्याटरी बसती. मग मात्र गेले.

पहिले काही महिने एसटीनं यायचे. ताडपत्री काढायचे, पुसायचे, इंजिन सुरू करून तिच्यावर नुसते बसायचे, आणि चहा तिथेच मागायचे. गेले दोन महिने आलेले नाहीत. गुडघा एसटीची पायरी चढू देत नाही, असं लेक सांगते. ते स्वतः काही सांगत नाहीत. फोन करतात आणि एवढंच विचारतात, “बरी हाय न्हवं?” आणि ते माझ्याबद्दल विचारत नाहीत, हे मला बरोबर कळतं. मीही सांगते, बरी आहे, काल सुरू केली होती, पहिल्या हाकेला ओ दिली.

तर पोरी, तू मोटार घेतलीस म्हणे. घेतलीस ते फार चांगलं केलंस. या रविवारी मिरजेहून निघ, माधवनगरला थांब, आणि व्याह्यांना पुढच्या सीटवर बसवून साताऱ्याला घेऊन ये. विचारू नकोस त्यांना, नको म्हणतील. आत्यानं बोलावलंय एवढंच सांग. मी शनिवारीच ताडपत्री काढून ठेवते. लवकर या गं, दोघंही.