तिसऱ्या सल्लागार बाई

निवृत्तीचे पैसे कुठे गुंतवावेत, हे विचारायला मी आणि माझी बायको सुनंदा तीन ठिकाणी गेलो. बँकेतल्या साहेबांनी त्यांच्याच बँकेच्या योजना समजावल्या. ओळखीच्या विमा एजंटाने पॉलिसी पुढे केली. त्यावर त्याला कमिशन होतं. दोघेही माझ्याकडेच बघून बोलत होते. तिसऱ्या बाई काहीच विकत नव्हत्या, नुसत्या सल्ल्याची फी घेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सहज आपली खुर्ची सुनंदाकडे वळवली.

"काकू, तुम्हाला काय करायचंय?"

"मला?" सुनंदा गोंधळली, मग लाजत म्हणाली, "गाडी शिकायचीय. स्वतः चालवत कोकणात जायचंय."

मी बघतच राहिलो. पैशांची चौकशी करायला जावं आणि इतक्या वर्षांच्या सोबतीतलं माणूस नव्याने भेटावं, याची मोठी गंमत वाटली. सल्लागार कोण निवडायचा, हे तिथेच ठरलं.

जिना उतरताना मी विचारलं, "कोकणात मलाही नेशील ना?"

"नेईन की," ती हसली. "शेजारी बसायचं. फक्त सल्ला द्यायचा नाही."