तात्या सांगायला जायचे

तात्यांनी वाईट बातमी कधी कुणाला फोनवर सांगितली नाही, उभ्याउभ्याही सांगितली नाही. माणसाच्या घरी जायचं, त्याला बसवायचं, बातमी सांगायची आणि मगच चहाला हो म्हणायचं. "आधी च्या पिला आन् मंग सांगितलं, तर त्यो च्या फसवून पिल्यावानी वाटतो," असं त्यांचं म्हणणं.

पाटोद्याजवळच्या दूध शीतकरण केंद्रात ते सुपरवायझर होते. मी ऑफिसात हजेरी-रजेचं काम बघायचो. वयानं दहा वर्षांनी मोठे असून ते मला साहेब म्हणत. केंद्राचे मालक बदलले, नवी यंत्रं आली आणि अकरा जणांना कमी करायचं ठरलं. यादी गेटवर लावा, असा वरून निरोप आला. मी चिकटपट्टी शोधायलाही लागलो होतो.

"गेटावर हरवलेल्या बैलाची चिठ्ठी लावत्यात साहेब, मानसाची न्हाई," तात्या म्हणाले. "मला चार दिस द्या. आन् तुमी बी चला. कागद तुमच्याकडं हाय."

मग त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी गावोगाव हिंडलो. कॅन धुणारा बबन आम्हाला बघून हसला. "काय तात्या, पोरगी बघाय आले का काय?"

"बस बे आधी. वाईट सांगाय आलोय. तुझं काम गेलं."

बबन बसला. म्हणाला, "माझंच कावून?"

"कॅन धुवायचं यंत्र आलंय. तुझ्या हाताला खोट न्हाई. कुनी दुसरं बोललं तर माझ्याकडं धाडून दे." मग त्यांनी बबनच्या बायकोला बाहेर बोलावलं आणि तिलाही स्वतःच सांगितलं. परत निघाल्यावर मी तिला का सांगितलं ते विचारलं, तर म्हणाले, "घरात जाऊन तेच पुन्ना सांगायचा तरास त्याला कावून?"

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात सुधारित यादी आली. बारावं नाव तात्यांचं होतं. बाकीच्यांना सांगून होईपर्यंत त्यांना कळू देऊ नका, असंही लिहिलं होतं.

मी यादी घडी करून खिशात घातली आणि गाडीवर मागं बसलो. उरलेले दोन दिवस मी तसाच बसून हिंडलो. वाटेत त्यांनी विचारलं, "साहेब, आज गपगप कावून?" डोकं दुखतंय, म्हणालो. त्यांनी गाडी थांबवली, दुकानातून गोळी आणून दिली. मी ती खाल्लीसुद्धा.

पाचव्या दिवशी सकाळी ते हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवत होते. त्यांचं नाव आदल्या संध्याकाळी मीच काढलं होतं. लाल दिवा लागला. त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवला. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "तात्या, अंगठा झिजला आता तुमचा!" सगळे हसले, तात्याही हसले. तिसऱ्यांदा लाल दिवा लागल्यावर त्यांनी माझ्या खिडकीकडं बघितलं.

मी बाहेर आलो. ते आधी बाजूला झाले, रांग पुढं सरकू दिली.

"कवापासून ठावं हाय तुमाला?"

"परवापासून."

"म्हंजी दोन दिस मागं बसून व्हते. लई जड गेलं आसंल तुमाला."

त्यांनी शिवी दिली असती तर मी कदाचित माफी मागितली असती. ते गेटातून निघून गेले आणि मी परत खिडकीमागं जाऊन बसलो.

मी अजून तिथंच नोकरीला आहे. त्यांचं घर बाजारापासून दोन गल्ल्या पलीकडं आहे आणि मी तिथं गेलेलो नाही. बाजारात दिसलो की तेच लांबून हात करतात. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि घाईत असल्यासारखा चालू लागतो.