आईच्या दुधावरची साय

आईच्या दुधावरही साय धरते, हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं.

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी किन्हवलीला आमच्याकडे आली होती. दिवस भरायला दोन महिने असतानाच तिला मुलगी झाली. शहापूरच्या दवाखान्यात बरेच दिवस ठेवून घेतल्यावर घरी सोडलं तेव्हा पोरीचं वजन एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम होतं. अंगावर ओढायची ताकद नव्हती, म्हणून बहीण दूध वाटीत काढायची आणि आमची आई ते बोंडल्यानं थेंबथेंब पाजायची.

शेजारची एक बाई बघायला आली आणि म्हणून गेली, "अशी पोरं जगतात, पन डोक्यानं मंद ऱ्हातात." ती गेल्यावर बहिणीनं मला विचारलं, "दादा, ही धड होईल ना रे?" मी म्हटलं, "दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना विचारू." दुसरं काय सांगणार?

आठ दिवसांनी दवाखान्यात नेऊन वजन केलं, तर फक्त दहा ग्रॅम वाढलं होतं. डॉक्टरबाईंनी काटा शून्यावर आणून पोरीला पुन्हा ठेवलं. आकडा तोच.

"दूध पुरतंय ना?"

"उरतंय," बहीण म्हणाली.

"पाजता कसं? सगळं सांगा."

आईला वाटलं, कौतुकानं विचारतायत. तिनं सांगितलं: वाटी उकळून घेते, दूध काढलं की झाकून ठेवते, वर आलेली साय चमच्यानं काढून टाकते, मग पाजते.

"साय काढता?"

"मग? एवढुशा पोटाला जड नाय का होणार? माझ्या चारी पोरांना वरचं दूध मी साय काढून, पानी घालूनच दिलं. हा बघा केवढा झालाय."

माझ्याकडे बोट होतं. डॉक्टरबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांना हसू आलं.

"आजी, तुमची पोरं दिवस भरून झालेली. हिचे दोन महिने पोटातले राहिलेत. त्या दोन महिन्यांत मेंदू भराभर वाढतो, आणि त्याला लागतो तो माल त्या सायीत आहे. तोच तुम्ही काढून टाकताय."

मेंदूच्या बांधणीत एवढा भाग स्निग्ध पदार्थांचा असतो, हे मला नवीन होतं. मी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. बाहेर रांग वाढली तेव्हा बहिणीनं माझी बाही ओढली.

घरी आल्यावर मी वाटी उजेडात धरून पाहिली. खाली निळसर, पातळ दूध. वर पिवळट थर, नखाच्या जाडीएवढाही नाही, आणि काठाला चिकटलेला. वाटी हलकेच फिरवली की मिसळून जायचा. आई बघत होती. "एवढ्याशानं काय व्हायचंय?" म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून वाटी फिरवून काठ निपटून पाजायला लागली.

पुढच्या आठवड्यात एकशे साठ ग्रॅम वाढले. डॉक्टरबाईंनी डोक्याला फीत लावली. घेर जवळजवळ एक सेंटिमीटर वाढला होता.

"म्हंजे अक्कल वाढली?" आईनं विचारलं.

"डोकं वाढतंय, एवढंच फीत सांगते. बाकीचं मोठी झाली की हीच सांगेल."

हे उत्तर मला पटलं, बहिणीला नाही. पोर उशिरा बसली, उशिरा चालली. डॉक्टरबाई वय जन्मापासून न मोजता, दिवस भरले असते त्या तारखेपासून मोजायला सांगत. तसं मोजलं की सगळं वेळेत होतं. तरी बहीण शेजारच्या पोरांकडे बघत राहायची.

भाची साडेतीन वर्षांची असताना आम्ही एसटीनं मुरबाडला चाललो होतो. कंडक्टरनं आमची तिकिटं चिमट्यानं टोचून दिली.

"मामा, भोक कशाला पाडलं?"

"आपण कुठे चाललोय ते त्याला कळावं म्हणून."

तिनं तिकीट डोळ्याला लावून त्या भोकातून कंडक्टरकडे पाहिलं.

"पण तू तर त्याला मुरबाड म्हणून सांगितलंस."

शेजारी बहीण पदर तोंडाला लावून हसत होती, आणि बराच वेळ हसतच राहिली.