बाबाच्या हातात झाडू कोणी दिला

"अंकल, ज़रा झाडू पकड़ लीजिए ना. नॅचरल लगेगा."

बाबा नुकताच पहिल्या पाळीवरून आला होता. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. बारावीत मी जिल्ह्यात पहिली आले होते आणि भिलाईतल्या एका लोकल चॅनेलचा रिपोर्टर कॅमेरावाल्याला घेऊन आमच्या क्वार्टरमध्ये आला होता. आईनं शेजारून दोन खुर्च्या मागून आणल्या होत्या. चहात दूध जास्त घातलं होतं.

"झाडू कावून?" बाबानं विचारलं.

"मेहनत दिखानी है न, अंकल."

बाबा पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. वितळलेल्या पोलादानं भरलेली अजस्र बादली माणसांच्या डोक्यावरून न्यायचा. सव्वीस वर्षं. हात कधी चुकला नाही. रिपोर्टरनं हे विचारलंच नाही. आत आल्याबरोबर त्यानं भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला, मग बाबाकडे पाहिलं, आणि त्याचं त्याला उत्तर मिळालं. थोड्या वेळानं कॅमेरावाला म्हणाला, काचेवर लाइट चमकतोय, फोटो उतरवा. ज्या फोटोवरून आम्ही कोण हे ठरवलं, तोच उतरवायला लावला. आईनं उतरवला, पदरानं पुसला आणि पलंगावर ठेवला.

बाबा झाडूला हात लावेना. तेव्हा मी बोलले. मीच, दुसरं कोणी नाही.

"बाबा, धर ना. दोन मिनिटाचं तर काम हाय."

मला टीव्हीवर यायचं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि झाडू धरला. शर्ट काढून बनियनवर उभे राहा म्हणाले, तर तोही काढला. मी बाजूला पुस्तक घेऊन हसत उभी. तो हसरा चेहरा अजूनही मोबाइलवर सापडतो. पाहिला की स्वतःचीच किळस येते.

संध्याकाळी बातमी लागली. खाली पट्टी: "झाडू लगाने वाले की बेटी ने किया कमाल." दुसऱ्या दिवशी पावर हाउस भागातल्या बाजारात ओळखीची भाजीवाली आईला म्हणाली, तुम्ही तर ते क्रेनवर आहेत म्हणून सांगत होता. म्हणजे आईच खोटी ठरली. किती वर्षांची ओळख, पण तिनं चित्र पाहिलं होतं ना. कारखान्यात बाबाच्या सोबतचेच लोक दात काढू लागले. एकानं त्याच्या लॉकरपाशी झाडू उभा करून ठेवला.

हे बाबानं चार दिवसांनी सांगितलं, जेवता जेवता.

"झाडू मारनं वाईट नाही. माह्या बापानं मारला. पन मी क्रेन चालवतो ना? मंग खोटं कावून सांगाचं?"



मग सत्कार. रिसालीतल्या एका हॉलमध्ये. स्टेजवर भला मोठा बॅनर, त्यावर बनियनमधला माझा बाप आणि हसणारी मी. अध्यक्ष बोलत होते, "गुदड़ी का लाल." चिंध्यांतलं रत्न म्हणे. गुदडी म्हणजे आमचं घर. आई-बाबा पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. माणसं डोळे पुसत होती. खरंच रडत होती. त्या रडण्याची मला शिसारी आली. त्यांना दया करायला कोणीतरी सापडलं होतं आणि त्यांना ते सोडायचं नव्हतं.

शाल द्यायला बोलावलं तेव्हा मी माइक घेतला. "मेरे पिताजी क्रेन ऑपरेटर हैं. यह फोटो झूठी है. झाडू मैंने पकड़वाया था."

अध्यक्षांनी माइकवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "बेटा, इतनी अच्छी कहानी है. क्यों खराब कर रही हो?"

मी शाल घेतली नाही. खाली उतरले आणि आई-बाबाला घेऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी त्याच चॅनेलनं तेवढाच तुकडा लावला, मी शाल नाकारतानाचा. बोलणं सगळं कापलं. पट्टी: "टॉपर का घमंड." खाली लोकांनी लिहिलं, चार मार्क मिळाले तर पोरीला बापाच्या कामाची लाज वाटायला लागली. काल डोळे पुसणारेही त्यात होते. विचारायला मात्र कोणी आलं नाही.

"आता तुले नावं ठेवून राहिले," बाबा म्हणाला.

"ठेवू दे."

आता मी नंदिनी नगरला शाळेत शिकवते. दर निकालाला कॅमेरे येतात, आमच्या पोरींची घरं शोधत. मी पोरीच्या घरी जाऊन बसते. हिचे मायबाप काय काम करतात ते आधी वहीत लिहा, रिपोर्टरांना म्हणते, आणि मला वाचून दाखवा. त्यांना राग येतो. मला अजून घमंडीच म्हणतात. म्हणोत. माझ्या हौसेपायी बाबाची सव्वीस वर्षं पुसली गेली, ती मला भरून देता आली नाहीत, येणारही नाहीत. पण आमच्या पोरीचं खोटं चित्र आता माझ्यासमोर निघणार नाही. काढायचंच असेल तर आधी मला उचलून घराबाहेर टाकावं लागेल.